ठेंगणं मूल आणि एडीएचडीची गोळी

एडीएचडीच्या गोळीने मुलाची वाढ खुंटते का? खुंटत नाही, पण थोडी मंदावते. उंचपुऱ्या मुलाच्या आईबापांचं एवढ्यावर समाधान होतं. मूल मुळातच ठेंगणं असेल तर मात्र त्यातला ‘थोडी’ हा शब्द घशाखाली उतरत नाही. आधीच जे कमी आहे त्यातलं आणखी का घालवायचं, असं आईला वाटणं साहजिक आहे. हे प्रकरण अशाच घरांसाठी आहे.

समजा, डोंबिवलीतला आठ वर्षांचा एक मुलगा आहे. उंची ११७ सेंटिमीटर, वजन साडेएकोणीस किलो. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. वर्गात मात्र जागेवर सापडत नाही. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देतो, वही अर्धी सोडतो, पाण्याची बाटली आठवड्यातून दोनदा हरवतो. डायरीत शेरे साठले आहेत. ठाण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी दोन-तीन भेटींत सगळं तपासून, शाळेकडून प्रश्नावल्या भरून घेऊन एडीएचडीचं निदान केलं आणि मिथाइलफेनिडेट सुचवलं. घरी आल्यावर आजी म्हणाली, “अगोदरच एवढासा आहे, त्यात भूक मारणारी गोळी?” आजी चुकीचं बोलली नाही. ही गोळी भूक मारते, हे खरंच आहे. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर गोळीच्या आधी मुलाच्या उंचीकडे नीट पाहावं लागेल.

ठेंगणं असणं आणि न वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा निर्णय या फरकावर उभा आहे. एखादं मूल तक्त्यावर तळाच्या रेघेजवळ असतं, पण वर्षानुवर्षं त्याच रेघेला धरून वर सरकतं. दुसरं मूल आज मधल्या रेघेवर दिसतं, पण दोन वर्षांपूर्वी ते वरच्या रेघेवर होतं. यातलं काळजी करण्यासारखं मूल दुसरं आहे, आणि नातेवाइकांचं लक्ष मात्र नेहमी पहिल्याकडे जातं.

हा तक्ता आपल्याच मुलांवरून तयार झालेला आहे. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, २०१५मध्ये सुधारित तक्ते काढले. त्या कामात पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाचे डॉ. वामन खाडिलकर आघाडीवर होते. देशातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या सुमारे ३३ हजार मुलामुलींच्या नोंदी त्यात वापरल्या आहेत. म्हणून मोबाइलवर कुठलातरी अमेरिकन तक्ता उघडून मुलाला त्यावर बसवू नये, आपल्या बालरोगतज्ज्ञांकडचा हा तक्ता मागावा. त्यावर सर्वांत खाली तीन टक्क्यांची रेघ असते. शंभर निरोगी मुलांतली तीन मुलं तिच्याखाली असतातच. पण तिच्याखाली गेलेल्या मुलाची तपासणी व्हायलाच हवी.

आता आईबापांची उंची. आई १५२ सेंटिमीटर, वडील १६३. मुलगा असेल तर दोन्ही उंच्यांच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे करायचे. मुलगी असेल तर १३ वजा करून निम्मे करायचे. इथे उत्तर १६४ येतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे सात-आठ सेंटिमीटर धरले की मुलाची अपेक्षित प्रौढ उंची मिळते. या घरातला मुलगा मोठेपणी १६४च्या आसपास असेल तर त्यात आजार काही नाही, ते घराण्याचं देणं आहे. अशा मुलाला दुधात घालायच्या पावडरी, बारला लटकणं, ‘हाइट वाढवणाऱ्या’ गोळ्या यांचा काडीचा उपयोग होत नाही. खर्च मात्र होतो, आणि आपल्यात काहीतरी कमी आहे हे मुलाच्या मनात पक्कं बसतं.

पण ११७ सेंटिमीटर हे घराण्याचं देणं आहे की आणखी काही, हे गृहीत धरून चालत नाही. गोळीच्या चर्चेत सर्वांत जास्त राहून जातं ते इथेच, म्हणून इथे जरा थांबू. काही कारणं अशी आहेत की ती उंचीही कमी ठेवतात आणि लक्षही विचलित करतात. थायरॉइड कमी असेल तर मूल वाढत नाही, सुस्तावतं, अभ्यासात मागे पडतं. रक्तातलं लोह कमी असेल तर चिडचिड, अस्वस्थपणा आणि मंदावलेली भूक एकत्र येतात. नाकामागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडिनॉइड्स, वाढल्या असतील तर मूल तोंड उघडं टाकून घोरतं, रात्रभर झोप मोडते आणि दिवसा ते अगदी एडीएचडीच्या मुलासारखं वागतं. वाढीचा हॉर्मोन मुख्यतः गाढ झोपेत स्रवतो, त्यामुळे या मुलाचं नुकसान दोन्हीकडून होतं. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं जन्मलेलं मूल पुढे ठेंगणं राहण्याची शक्यता जास्त असते, आणि अशा मुलांत एडीएचडीचं प्रमाणही जास्त आढळतं. तेव्हा जन्माच्या वेळचं वजन ही फाइलमधली जुनी नोंद म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मुलगी ठेंगणी असेल तर आणखी एक गोष्ट. टर्नर सिंड्रोम नावाची गुणसूत्रांची एक स्थिती फक्त मुलींत असते. तीत उंची कमी राहते, आणि गणित व एकाग्रता यांत अडचणी येतात. बाकी मुलगी चारचौघींसारखीच दिसू शकते, म्हणून हे निदान कधीकधी वयात येण्याची वेळ उलटून गेल्यावर होतं. मुलगी आईबापांच्या मानाने फारच ठेंगणी असेल तर गुणसूत्रांची तपासणी लांबणीवर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. वेळेवर कळलं तर उपचारांचा फायदा होतो.

म्हणून गोळी सुरू होण्याआधी हिमोग्लोबिन व लोहसाठा, थायरॉइड, गरज वाटल्यास सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी आणि डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे एवढं झालेलं असावं. या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. मूल आठ वर्षांचं आणि हाडं साडेसहा वर्षांची असतील तर वाढीला अजून बराच अवधी आहे, उशिरा का होईना ते वाढणार. हाडंही आठ वर्षांचीच असतील तर हिशेब वेगळा. हे वाचून दाखवायला प्रत्येक वेळी बालसंप्रेरकतज्ज्ञ लागतातच असं नाही. पण तक्त्यावर मूल तीनच्या रेघेखाली असेल तर एकदा त्यांना दाखवावं. परळचं वाडिया हे १९२९पासूनचं मुलांचं रुग्णालय आणि केईएम ही दोन्ही ठिकाणं डोंबिवलीहून मध्य रेल्वेने गाठता येतात.

आता गोळीकडे येऊ. मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी तयार केलं. त्याच्याही आधी, १९३७मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी अ‍ॅम्फेटामाइनच्या जातीचं औषध दिल्यावर चंचल मुलं शांतपणे गणितं सोडवू लागल्याचं नोंदवलं होतं. मेंदूत डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायनं चेतापेशींच्या सांध्यांत जरा जास्त वेळ राहावीत, असं काम हे औषध करतं. त्यामुळे मुलाला ‘थांब’ हा स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागतो. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो, सावकाश विरघळणारीचा आठ ते बारा तास. भूक याच तासांत मरते.

वाढीचा प्रश्न पहिल्यांदा जोरात पुढे आला तो १९७२मध्ये. डॅनिअल सेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास छापला. त्यातली मुलं थोडी होती. पण ज्यांचं औषध उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू राहिलं त्यांच्या मानाने, सुट्टीत औषध थांबवलेल्या मुलांनी वजन चांगलं भरून काढलं, असं त्यात दिसलं. पुढे १९७५मध्ये औषध सोडल्यावर वाढ उसळी घेते हेही त्यांनीच दाखवलं. उलट बाजूने १९९०च्या दशकात काही संशोधकांनी म्हटलं की वाढ मंदावते ती औषधाने नाही, एडीएचडी असलेल्या मुलांची वाढच मुळात जरा उशिरा होते.

हा वाद बऱ्याच अंशी मिटवला तो एमटीए या अमेरिकन अभ्यासाने. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांना त्यात घेतलं होतं आणि पहिले निष्कर्ष १९९९मध्ये आले. तीन वर्षांनी तुलना केली तेव्हा, नव्याने औषध सुरू होऊन चालू राहिलेली मुलं औषध न घेणाऱ्या मुलांपेक्षा सरासरी दोन सेंटिमीटरने कमी उंच आणि २.७ किलोने हलकी होती. औषध न घेणारी एडीएचडीची मुलं तर सुरुवातीला सरासरीपेक्षा थोडी उंचच होती. म्हणजे दोष आजाराचा नाही, बराचसा औषधाचाच, हे स्पष्ट झालं. हीच मुलं मोठी झाल्यावर, २०१७मध्ये, पुन्हा मोजमाप आलं. लहानपणापासून मोठेपणापर्यंत सातत्याने औषध घेतलेल्यांची उंची इतरांपेक्षा काही सेंटिमीटरने कमी भरली. याच्या विरुद्ध, मिनेसोटातल्या रोचेस्टर गावी १९७६ ते १९८२ या काळात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्यांच्या प्रौढ उंचीत फरक आढळला नाही. फक्त जास्त काळ औषध घेणाऱ्या मुलांची किशोरवयातली झपाट्याची वाढ थोडी उशिरा आली.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. एमटीएमध्ये परिणाम दिसला तो मुख्यतः वर्षानुवर्षं खंड न पाडता औषध घेणाऱ्यांत. प्रत्यक्षात बहुतेक मुलं मध्येच औषध सोडतात, सुट्टीत घेत नाहीत, कॉलेजात गेल्यावर बंद करतात. अशांच्या सरासरीत फरक विरून जातो. आपल्या मुलासाठी यातून घ्यायचं ते एवढंच, की पहिल्या एक-दोन वर्षांत वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढ कमी होऊ शकते, पुढे हा फरक वाढतच जातो असं नाही, आणि प्रौढपणी उरलाच तर तो बहुधा बोटाच्या एका-दोन पेरांएवढा असतो. १६४ होणारा मुलगा १६२ होईल. १५० होणार नाही.

दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्या डॉक्टरांशी मी सहमत नाही. लग्नाच्या बायोडाटात उंचीचा रकाना नावानंतर लगेच येतो अशा समाजात आपण राहतो. बुटका, टिंगू, ‘तिसरीत आहे? वाटत नाही’ हे सगळं त्या मुलाला रोज ऐकावं लागतं. म्हणून ते दोन सेंटिमीटर खरेच आहेत आणि हिशेबात धरायचेच आहेत. पण मग दुसरं पारडंही तितक्याच काटेकोरपणे भरायला हवं.

उपचार न झालेल्या एडीएचडीची किंमत नुसत्या मार्कांत मोजता येत नाही. डेन्मार्कमध्ये १९ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवर झालेला आणि २०१५मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला अभ्यास सांगतो की एडीएचडी असलेल्यांत अकाली मृत्यूचं प्रमाण दुप्पट होतं, आणि त्यात मोठा वाटा अपघातांचा होता. त्याच देशातल्या दुसऱ्या अभ्यासात औषध चालू असलेल्या मुलांना इजा होण्याचं प्रमाण कमी आढळलं. ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात हे पारडं आणखी जड होतं. इथे मुलाच्या वाटेवर रूळ आहेत, भरून येणाऱ्या लोकलचा फलाट आहे, शिळफाट्याचा रस्ता आहे, पावसाळ्यात खड्डे चुकवत वळणाऱ्या रिक्षा आहेत. हात सुटला की धावत सुटणारं मूल या शहरात फार मोठ्या धोक्यात असतं. आणि जे धावत सुटत नाही, ते रोज ओरडा खातं. बाई ओरडतात, क्लासचे सर ओरडतात, थकून आलेले बाबा ओरडतात. चौथी-पाचवीपर्यंत त्याला पटलेलं असतं की आपण वाईटच आहोत. पुढे उंची भरून निघाली तरी हे सहजासहजी भरून निघत नाही.

मात्र गोळी हाच एकमेव उपाय, असं मानायचं कारण नाही. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर आधी आईबापांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण द्यावं, हे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१९चं मार्गदर्शन आहे आणि ते रास्त आहे. इतक्या लहान मुलांत गोळीचा वाढीवरचा परिणामही अधिक दिसतो. सहा वर्षांनंतर औषध आणि प्रशिक्षण दोन्ही एकत्र. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. मनाच्या आजाराबद्दल मराठी घरांत मोकळेपणाने बोललं जाऊ लागलं, त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३मध्ये त्याची सुरुवात पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमात ज्या आजारांसाठी मुलं तपासायची त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. शाळेत तपासणीचं पथक आलं तर पालकांनी मुलाबद्दलची शंका त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावी. रांगेतल्या दोन मिनिटांत चंचलपणा दिसेलच असं नाही.

गोळी द्यायची ठरली, तर ठेंगण्या मुलाच्या बाबतीत खरी लढाई डब्यात लढायची असते. वाढ मंदावण्यामागे औषधाचा हाडांवर किंवा हॉर्मोनवर थेट परिणाम किती, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण कमी खाणं हा त्यातला मोठा भाग आहे, आणि आईबापांच्या हातात आहे तो हाच.

दिवसाचं चित्र असं असतं. सकाळी घाईत गोळी आणि अर्धा कप दूध. मोठ्या सुट्टीत डबा उघडला जातो, पोळीचा एक तुकडा मोडला जातो आणि झाकण लागतं. दुपारी क्लासला जाताना केळं नको असतं. संध्याकाळी सात-साडेसातला औषधाचा असर ओसरतो आणि मुलाला एकदम भूक लागते. त्या वेळी आई-बाबा लोकलमध्ये असतात, घरात बिस्किटं आणि वेफर्स असतात. पोट त्यांनीच भरतं. साडेनऊला ताट वाढलं जातं तेव्हा मूल पेंगलेलं असतं. असा दिवस महिनोन्महिने गेला तर वजन घसरतं, आणि वजनामागोमाग उंचीही मंदावते.

याला उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. गोळी कधीही उपाशीपोटी द्यायची नाही, पोटभर नाश्ता झाल्यावरच द्यायची. तूप लावलेलं थालीपीठ आणि दही, दोन अंडी आणि पोळी, धिरडं, शेंगदाणे घातलेले पोहे, जे मूल खातं ते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये काढला. ज्या शाळा तो पाळतात तिथे हा नाश्ता नीट जमतो आणि झोपही पुरी होते. जिथे अजून सातची शाळा आहे तिथे पालकांनी या आदेशाचा आग्रह धरायला हरकत नाही. दुपारच्या डब्यात ढीगभर भाजी-पोळी देऊन उपयोग नाही, ती परत येणार. तिथे लहान आकाराचं आणि भरीव काहीतरी हवं. दाण्याचा लाडू, चिक्की, पनीर पराठ्याचा छोटा रोल, खजूर. खाल्लं तर खाल्लं, त्यावरून भांडण नको. संध्याकाळी सातला मात्र खरं जेवण तयार हवं, आजी असेल तर तिच्या हातचा वरण-भात-तूप. आणि उशिरा जेवणाऱ्या आपल्या घरांचा इथे फायदाच आहे: साडेनऊला आई-बाबांबरोबर पुन्हा दोन घास, वर सायीचं दूध. ब्रिटनच्या नाइस संस्थेचं २०१८चं मार्गदर्शनही हेच सांगतं. औषध जेवणासोबत किंवा जेवणानंतर द्या, आणि असर नसलेल्या वेळी, सकाळी लवकर वा रात्री उशिरा, जास्तीचं खाऊ घाला. फक्त खाण्याच्या निमित्ताने झोप अकरा-बारावर जाऊ देऊ नका. दुसरी गोळी दुपारी उशिरा दिली तर झोप अशीही लांबते, ती वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मोजमाप हा दुसरा आधार. दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा प्रेमाच्या असतात, निर्णयाच्या नसतात. भिंतीला टेकून अनवाणी उभं करायचं, टाचा, ढुंगण आणि खांदे टेकलेले, नजर समोर, डोक्यावर काटकोनात फळी. शक्यतो त्याच दवाखान्यात, त्याच पट्टीवर आणि दिवसाच्या त्याच वेळी मोजायचं, कारण सकाळच्या आणि संध्याकाळच्या उंचीत जवळजवळ एका सेंटिमीटरचा फरक पडतो. आता हिशेब बघा. आठव्या वर्षी ११७, साडेआठव्या वर्षी ११९.३. सहा महिन्यांत २.३, म्हणजे वर्षाला ४.६ सेंटिमीटर. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. ४.६ म्हणजे मंदावली आहे, घाबरण्यासारखं नाही, पण डब्याकडे आणि डोसकडे पाहायची वेळ आली आहे. तेच ११८.५ भरले असते तर वेग वर्षाला तीनच राहिला असता, आणि तिथे थांबून पुन्हा विचार करणं भागच होतं. तीन महिन्यांच्या मोजमापावरून मात्र निष्कर्ष काढू नका, पट्टीवरची चूकच वाढीएवढी असते. नाइसचा नियम सोपा आहे: उंची दर सहा महिन्यांनी, आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी. औषध सुरू होण्याआधीच्या वर्षभराची नोंद हाताशी असेल तर ती सोन्यासारखी जपा. तिच्याशिवाय औषधाने वेग कमी झाला की तो पहिल्यापासूनच कमी होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

वेग खरोखर घसरला तर गोळी एकदम फेकून देणं आणि डोळे मिटून चालू ठेवणं यांच्या मधे बऱ्याच वाटा आहेत. डोस कमी करून पाहता येतो. दिवसभराच्या गोळीऐवजी शाळेच्या तासांपुरती साधी गोळी देता येते. सुट्टीत खंड घेता येतो. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी त्यासाठी सोयीची आहे, वजन या काळात नक्की सुधारतं. उंची किती भरून निघते याबद्दल अभ्यासांत एकवाक्यता नाही, पण मंदावलेल्या मुलाला खंड देऊन पाहावा हे मान्य मार्गदर्शन आहे. मात्र सुट्टी म्हणजे आजोळ, आणि कोकणातल्या आजोळी विहीर असते, वहाळ असतो, झाडं असतात. गोळी बंद असलेल्या दिवसांत या मुलावर कायम एका मोठ्या माणसाची नजर हवी, आणि आजी-आजोबांना तसं आधीच सांगून ठेवायला हवं.

दुसरं औषध आहे अ‍ॅटोमोक्सेटिन. त्याचा पूर्ण असर यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तो बहुधा मिथाइलफेनिडेटपेक्षा सौम्य असतो. सुरुवातीला तेही भूक आणि वाढ थोडी कमी करतं, पण दोन-तीन वर्षांत मुलं आपल्या रेघेवर परत येतात असं पाठपुराव्यात दिसलं आहे. तिसरं औषध क्लोनिडिन. ते भूक मारत नाही, झोप आणतं, रक्तदाब कमी करतं. ते कधीही अचानक बंद करायचं नाही, रक्तदाब उसळतो.

कल्याण-डोंबिवलीतल्या पालकांना आणखी एक धक्का बसतो तो औषधाच्या दुकानात. मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे चार दुकानं ‘नाही’ म्हणतात आणि पाचवा माणूस चिठ्ठी उलटसुलट करून पाहतो. बापाच्या मनात लगेच येतं, आपण मुलाला काहीतरी भयंकर देतोय का? नियम कडक आहे तो औषधाचा गैरवापर होऊ नये म्हणून, डॉक्टरांनी ठरवलेला डोस मुलाला घातक आहे म्हणून नाही. ठाण्यात किंवा स्टेशनजवळ ज्या दुकानात हे औषध मिळतं त्याचा नंबर लिहून ठेवावा, आणि शेवटच्या चार गोळ्या उरेपर्यंत थांबू नये.

आपल्या आठ वर्षांच्या मुलाकडे परत येऊ. त्याच्या तपासण्या झाल्या, लोह थोडं कमी निघालं, ते सुरू केलं. थायरॉइड ठीक. हाडांचं वय सात, म्हणजे थोडा अवधी हाताशी आहे. आईबापांच्या उंचीशी त्याची उंची जुळते. एडीएचडी शाळेत आणि घरी दोन्हीकडे त्याला रोज महाग पडतो आहे. अशा मुलाला, नाश्ता आणि मोजमाप यांची पक्की घडी बसवून, गोळी द्यावी असं मी म्हणेन. हाच मुलगा तीनच्या रेघेखाली असता, वाढीचा वेग औषधाआधीच चारच्या खाली असता आणि चंचलपणा फक्त शाळेतल्या एका तासापुरता असता, तर आधी उंचीचं कारण शोधा, गोळी थांबू शकते, असं म्हटलं असतं.

आणि हा निर्णय एकदा घेऊन संपत नाही. मुलींत नवव्या-दहाव्या, मुलांत अकराव्या-बाराव्या वर्षी वयात येण्याची चाहूल लागते. मुलगे त्या झपाट्यात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतात आणि त्यानंतर हाडांची टोकं हळूहळू बंद होतात. म्हणून ती चाहूल लागायच्या आधीच्या वर्षी फाइल पुन्हा उघडावी: उंचीची सगळी टिंबं तक्त्यावर जोडून, हाताचा नवा एक्स-रे काढून, आणि या वेळी मुलालाही शेजारी बसवून, कारण एव्हाना गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या दिवसांत त्याला स्वतःला काय फरक वाटतो हे तो सांगू शकतो.